जनमत चाचण्या आणि धाराशिवचा मतदार : काही ऐतिहासिक निरीक्षणे

प्रस्तावना

निवडणुकीचा निकाल लागला की जनतेने ‘कौल’ दिला असे आपण म्हणतो. हा शब्द मूळचा अरबी. मराठी राज्यव्यवहारात कौल म्हणजे अभय, शब्द, करार. ओस पडलेले गाव पुन्हा वसवण्यासाठी सरकार रयतेला कौल देत असे. दुसरीकडे देवाला कौल लावण्याची प्रथा होती, आजही आहे. म्हणजे एका अर्थाने कौल सत्ताधीशाने रयतेला द्यावयाचा आणि दुसऱ्या अर्थाने भक्ताने देवाकडून मागावयाचा. लोकशाहीत मात्र तो रयतेने सत्ताधीशाला द्यावयाचा झाला. जनमत चाचणी हा कौल मतपेटी उघडण्यापूर्वी, किंवा तिच्याबाहेर, जाणून घेण्याचा प्रयत्न आहे. अशा चाचण्यांतून धाराशिव जिल्ह्यातील मतदाराविषयी आणि त्याच्या राजकीय दृष्टिकोनाविषयी इतिहासाच्या अभ्यासकाला नेमके काय हाती लागते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये बदलले असले तरी 2024 च्या निवडणुकांतही मतदारसंघाची नोंद ‘उस्मानाबाद’ अशीच होती. त्यामुळे पुढे दोन्ही नावे संदर्भानुसार येतील.

चाचण्यांचा पूर्वेतिहास

1936 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी पत्रिका टपालाने पाठवल्या. त्यांपैकी सुमारे 24 लाख भरून परत आल्या व त्यांच्या आधारे रूझवेल्ट पराभूत होणार असे भाकीत केले गेले. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत विजयी झाले. पत्ते दूरध्वनी व मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून घेतले होते. मंदीच्या काळात अशा यादीत गरीब मतदार येणार कोठून? जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान, पण समाजाच्या निरनिराळ्या थरांतून निवडलेल्या नमुन्यावर बरोबर अंदाज वर्तवला. नमुन्याच्या आकारापेक्षा त्याची निवड महत्त्वाची, हा धडा तेव्हाचा. 1941 मध्ये गॅलप यांच्याच पद्धतीवर कॅनडात जनमत संस्था स्थापन झाली. भारतात हे काम 1950 च्या दशकात एरिक द कोस्टा यांनी दिल्लीतील ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन’च्या द्वारे सुरू केले. 1963 मध्ये रजनी कोठारी यांनी स्थापन केलेल्या ‘विकासशील समाज अध्ययन केंद्रा’ने 1967 पासून राष्ट्रीय निवडणूक अभ्यास हाती घेतले आणि 1996 पासून ‘लोकनीती’च्या माध्यमातून ते नियमित झाले. महाराष्ट्रातील त्यांची जुळणी पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी, विशेषतः प्रा. सुहास पळशीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, केली.

जगात चाचण्यांचे शास्त्र आकार घेत होते तेव्हा उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1946 मध्ये संस्थानात ज्या निवडणुका झाल्या त्या व्यवसायनिहाय प्रतिनिधित्वाच्या तत्त्वावर होत्या आणि स्टेट काँग्रेसने त्यांवर बहिष्कार घातला. म्हणजे येथील सामान्य शेतकरी वा शेतमजूर यांना मत विचारण्याचा प्रसंग 1952 पूर्वी आलाच नाही. याउलट आजच्या उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघात येणारी बार्शी तेव्हा मुंबई इलाख्यात होती आणि तेथे 1937 मध्येच, मर्यादित मताधिकाराने का होईना, प्रांतिक निवडणूक झाली होती. एकाच मतदारसंघात असे दोन राजकीय भूतकाळ शेजारी शेजारी नांदतात. नमुना निवडणाऱ्या संगणकाला याची कल्पना नसते.

मत आणि मतदान

मराठी भाषकांच्या परिसरात ‘ओपिनियन पोल’ हा शब्द प्रथम गाजला तो सर्वेक्षणामुळे नव्हे, तर 16 जानेवारी 1967 रोजी गोव्यात झालेल्या जनमत कौलामुळे. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि केंद्रशासित राहण्यासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 आणि विरोधात 1,72,191 मते पडली. विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला ही मोठीच चपराक होती. परंतु त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि दयानंद बांदोडकरांच्या याच पक्षाला मतदारांनी पुन्हा बहुमत दिले. दोन महिन्यांच्या अंतराने, त्याच मतदारांनी. एखाद्या प्रश्नावरचे मत आणि एखाद्या पक्षाला दिलेले मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. गोव्यात दोन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारले गेले म्हणून हा भेद आपल्याला दिसतो. इतरत्र आपल्या हाती केवळ पक्षाचे मत असते व त्यावरूनच आपण प्रश्नांवरील मत ठरवून टाकतो.

धाराशिवच्या इतिहासलेखनात हे वारंवार घडले आहे. 1977 चे उदाहरण घ्यावे. आणीबाणीविरुद्धची लाट देशात होती. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. स्वतंत्र लातूर जिल्हा 1982 मध्ये झाला. या एकाच जिल्ह्यातील लातूर मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे उद्धवराव पाटील विजयी झाले, तर उस्मानाबादमधून काँग्रेसचे तुकाराम शृंगारे. मग जिल्ह्याचे आणीबाणीविषयीचे मत काय होते? निकाल त्याचे उत्तर देत नाहीत. दुष्काळ, सहकार, उमेदवाराची जात व पत, पक्षाची जुनी मुळे या सर्वांचे मिश्रण त्या आकड्यांत विरघळलेले आहे.

सर्वेक्षणांचे खरे मोल येथे आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. भाकीत हे त्यांचे सर्वांत कच्चे अंग. ‘इंडिया शायनिंग’च्या 2004 मध्ये बहुतेक चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला पुढे दाखवले आणि प्रत्यक्षात भाजपला 138, तर काँग्रेसला 145 जागा मिळाल्या. 2024 मध्ये बहुतेक एक्झिट पोलनी याच आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेले. निकाल 293 वर थांबला. परंतु वृत्तवाहिन्यांवरील आकड्यांचा धुरळा बसल्यानंतरही निवडणूक अभ्यासांतून काही टिकाऊ ज्ञान उरले आहे. आपल्या मताचा राज्यकारभारावर परिणाम होतो असे मानणाऱ्यांचे प्रमाण 1971 मध्ये सुमारे 48 टक्के होते, ते 1996 मध्ये सुमारे 59 टक्के झाले. कॅनडासह पाश्चात्त्य देशांत सुस्थित व शिक्षित नागरिक अधिक मतदान करतात. भारतात गरीब, दलित व ग्रामीण मतदार सुस्थितांच्या मागे नाहीत, अनेकदा पुढेच असतात. योगेंद्र यादव यांनी 1990 च्या दशकातील या बदलाला लोकशाहीची दुसरी उभारी म्हटले. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मराठा समाज म्हणजे काँग्रेसची हक्काची मतपेढी हा समज सर्वेक्षणांनीच मोडीत काढला. हा समाज 1990 च्या दशकापासून निरनिराळ्या पक्षांत विभागला गेल्याचे त्यांतून दिसले. उस्मानाबादमध्ये 1996 साली शिवसेनेचे शिवाजी कांबळे निवडून आले, त्यामागील सामाजिक हालचाल समजण्यास केवळ निकालपत्रक पुरे पडले नसते.

नमुना आणि मतदारसंघ

तरीही जिल्हा पातळीवर आलो की अडचणी सुरू होतात. पहिली अडचण गणिती आहे. समजा, महाराष्ट्रात 2,000 मतदारांच्या मुलाखती घेतल्या. राज्यासाठी संभाव्य चूक सुमारे दोन टक्क्यांची राहील. पण 48 मतदारसंघांत त्या सारख्या वाटल्या तर उस्मानाबादच्या वाट्याला जेमतेम 42 जण येतात आणि संभाव्य चूक पंधरा टक्क्यांवर जाते. 2004 मध्ये येथे शिवसेनेच्या कल्पना नरहिरे दोन हजारांहूनही कमी मतांनी विजयी झाल्या. 2009 मध्ये राष्ट्रवादीच्या पद्मसिंह पाटलांचे मताधिक्य 6,787 होते. अशा लढतीत 42 जणांच्या उत्तरांवरून काही सांगणे म्हणजे देवाला कौल लावण्यासारखेच. शिवाय मतदारसंघ तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे : धाराशिवमधील चार विधानसभा क्षेत्रे, लातूरमधील औसा आणि सोलापुरातील बार्शी. मराठवाडा विभागाच्या सरासरीत बार्शी बसत नाही.

दुसरी अडचण स्मरणाची आहे आणि ती अधिक गंभीर आहे. मुलाखतीत ‘मागील निवडणुकीत आपण कोणाला मत दिले?’ हा प्रश्न सामान्यतः असतोच. त्यावरून मतांचे स्थलांतर मोजतात, कधी आकड्यांना भारही देतात. 2019 मध्ये ओमप्रकाश राजेनिंबाळकर शिवसेनेतर्फे, भाजपशी युती असताना, धनुष्यबाणावर उभे होते व राष्ट्रवादीचे राणाजगजितसिंह पाटील घड्याळावर. राजेनिंबाळकर 1,27,566 मतांनी विजयी झाले. 2024 मध्ये तेच राजेनिंबाळकर भाजपच्या विरोधात, मशाल चिन्हावर होते. धनुष्यबाण शिंदे गटाकडे गेला होता. समोर घड्याळच होते, पण ते अजित पवारांच्या पक्षाचे, भाजपच्या मित्रपक्षाचे, आणि उमेदवार होत्या राणाजगजितसिंहांच्या पत्नी अर्चना पाटील. राणाजगजितसिंह स्वतः तोवर भाजपचे आमदार झालेले होते. आता दोन्ही वेळा राजेनिंबाळकरांना मत देणारा मतदार प्रश्नावलीत ‘स्थिर’ की ‘बदललेला’? त्याने माणूस तोच ठेवला, चिन्ह बदलले, आघाडी बदलली. दोन्ही वेळा घड्याळावर शिक्का मारल्याचे सांगणारा मतदार कागदावर पक्षनिष्ठ दिसेल. प्रत्यक्षात तो विरोधी पक्षाकडून सत्ताधारी आघाडीकडे गेलेला आहे. 2022–23 मधील फुटीनंतर पक्षनिष्ठा मोजण्याचे जुने मापच येथे निरुपयोगी झाले.

तिसरी बाब उत्तर देणाऱ्याच्या मनाची. या जिल्ह्यात हातात कागद घेऊन दारात येणारा माणूस खेड्यातील लोकांना नवा नाही. तो पैसेवारी काढण्यास येतो आणि पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलती मिळतात. 2002 मध्ये तो दारिद्र्यरेषेच्या यादीसाठी तेरा निकषांची पत्रिका घेऊन आला. 2024 च्या जानेवारीत राज्य मागासवर्ग आयोगाचे प्रगणक मराठा समाजाच्या मागासलेपणाची माहिती घेत घरोघर फिरले. दर वेळी उत्तराचा परिणाम लाभावर होणार, हे लोकांना पक्के ठाऊक असते. पीक विचारले की कमीच सांगावे, हे शहाणपण पिढ्यांनी कमावलेले आहे. मग ‘सरकारच्या कामावर आपण कितपत समाधानी आहात?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर निव्वळ मत समजावे काय? राष्ट्रीय निवडणूक अभ्यासांत मताच्या प्रश्नासाठी खोटी मतपत्रिका व पेटी दिली जाते. गुप्ततेपुरता तो उपाय चांगला आहे. पण समाधान-असमाधान पेटीत टाकता येत नाही, ते तोंडानेच सांगावे लागते.

मतांची टक्केवारी आणि जागा

टक्केवारीचे जागांत रूपांतर करण्याची अडचण केवळ आपली नाही. कॅनडातही आपल्यासारखीच सर्वाधिक मते मिळवणारा विजयी ही पद्धत आहे. 1993 मध्ये तेथील सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला 16 टक्के मते मिळाली आणि जागा केवळ 2. एकट्या क्युबेकमध्ये लढणाऱ्या ब्लॉक क्युबेक्वाने त्याहून कमी मतांत 54 जागा जिंकल्या. महाराष्ट्रात 2024 च्या लोकसभेत दोन्ही आघाड्यांच्या मतांतील अंतर फार तर एका टक्क्याच्या आसपास होते. जागा मात्र 30 आणि 17. मतांचे प्रमाण अचूक सांगणारी चाचणीसुद्धा जागांबाबत तोंडघशी पडू शकते.

कायद्याच्या बाबतीत मात्र कॅनडाचा मार्ग वेगळा आहे. मतदानापूर्वीच्या तीन दिवसांतील प्रसिद्धीबंदी तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये रद्द केली. नंतर 2000 च्या कायद्याने चाचणी कोणी करवली, किती जणांना विचारले, चुकीची मर्यादा किती, हे सांगणे बंधनकारक केले. भारतात 2009 च्या दुरुस्तीने मतदानाचे सर्व टप्पे संपेपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करण्यास बंदी आली. आपल्या कायद्याचा भर चाचणी केव्हा दाखवावी यावर आहे, ती कशी केली हे उघड करण्यावर नाही. संशोधकाचे नुकसान यातच होते. पन्नास वर्षांनंतर 2024 च्या निवडणुकीचा इतिहास लिहिणाऱ्याला वाहिन्यांचे आकडे मिळतील. ते धाराशिवच्या कोणत्या गावात, कोणाला विचारून आले, हे बहुधा मिळणार नाही.

2024 : एक वर्ष, दोन कौल

7 मे 2024 रोजी झालेल्या मतदानात राजेनिंबाळकर 3,29,846 मतांनी विजयी झाले. मराठा आरक्षण आंदोलन, सोयाबीनचे पडलेले भाव, पक्षफुटीविषयीचा राग अशी कारणे तेव्हा सांगितली गेली. 20 नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत राज्यात भाजप, शिंदे यांची शिवसेना व अजित पवारांची राष्ट्रवादी यांनी मिळून 230 जागा जिंकल्या आणि विश्लेषकांनी ‘लाडकी बहीण’ योजनेकडे बोट दाखवले. आंदोलन संपलेले नव्हते. मग राग साडेसहा महिन्यांत निवळला काय? या मतदारसंघातील सहा क्षेत्रांनी राज्याची री ओढली नाही. उस्मानाबाद, उमरगा व बार्शी ठाकरे गटाकडे गेली. तुळजापूर व औसा भाजपकडे, परंडा शिंदे गटाकडे. परंड्यातील अंतर दीड हजाराच्या आसपास आणि उमरग्यातील चार हजारांच्या आत होते. मे महिन्यातील सव्वातीन लाखांच्या मताधिक्यावरून ‘एकमुखी’ ठरवलेला मतदार नोव्हेंबरमध्ये बरोबर निम्मानिम्मा विभागलेला दिसतो. तो मे महिन्यातही आतून विभागलेलाच होता काय, या प्रश्नाचे उत्तर दोन निकालपत्रकांत मिळत नाही. त्यासाठी त्याच माणसांना दोनदा भेटणारे सर्वेक्षण लागते, आणि ते करताना 2024 मध्ये कोणाला मत दिले एवढे विचारून भागणार नाही : महिना, उमेदवार आणि चिन्ह, तिन्ही वेगवेगळे विचारावे लागतील.