अनोळखी उतारूचे भाडे



परगावचा माणूस एखाद्या शहरात उतरला, म्हणजे त्या शहराशी त्याचा पहिला व्यवहार होतो तो वाहनाचे भाडे देताना. "कोठे जावयाचे?" आणि "किती पैसे?" एवढ्या दोन प्रश्नोत्तरांत हा व्यवहार पुष्कळ वर्षे आटपत असे. "आपण कोण?" हा तिसरा प्रश्न त्यात नव्हता. तो केव्हा व कसा आला, हे आज बंगळूरच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड या उपनगराच्या निमित्ताने पाहावयाचे आहे.

व्हाइटफील्डचा जन्मच मुळी या तिसऱ्या प्रश्नातून झाला. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराज वडियार यांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन लोकांच्या संघटनेला येथे सुमारे ३९०० एकर जमीन दिली. या वसाहतीचे प्रवर्तक डेव्हिड व्हाइट. गावाला नाव त्यांचेच. गोऱ्यांनी ज्यांना पुरते आपले म्हटले नाही आणि एतद्देशीयांनीही ज्यांना परकेच मानले, अशांची ही वस्ती होती. बंगळूर ते जोलारपेट हा लोहमार्ग त्याआधीच, १८६४ साली, सुरू झाला होता. वस्तीपासून थोड्या अंतरावरून तो जात होता.

त्या काळच्या आगगाडीचे तिकीट म्हणजे जाड पुठ्ठ्याचा एक लहानसा तुकडा. ही युक्ती इंग्लंडमधील थॉमस एडमन्सन नावाच्या एका स्टेशनमास्तराची; १८३०च्या दशकाच्या अखेरीस ती रूढ झाली आणि पुढे आपल्याकडे शतकाहून अधिक काळ टिकली. त्या तुकड्यावर कोठून, कोठे, वर्ग कोणता आणि अनुक्रमांक किती, एवढेच छापलेले असे. उतारूचे नाव त्यावर नसे. अर्थात तिकिटाने न विचारलेला प्रश्न पुष्कळदा डबा विचारी. युरोपियन व अँग्लो-इंडियनांसाठी राखून ठेवलेले डबे आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहेत. परंतु तिकिटाच्या खिडकीपुरते तरी नाणे हेच उतारूचे ओळखपत्र होते.

मुंबईची गोष्ट याहून मौजेची आहे. ९ मे १८७४ रोजी तेथे घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून पायधुणीपर्यंत भाडे होते तीन आणे. आणि प्रारंभी तिकीट असे नव्हतेच! पैसे द्यावे आणि बसावे. त्याच वर्षी फुकट्या उतारूंची संख्या वाढली, तेव्हा कोठे कंपनीने तिकिटे काढली. तिकिटाचा जन्म हा असा अविश्वासातून झालेला आहे. तथापि तो अविश्वास सर्वांवर सारखाच होता. गिरगावकरालाही तिकीट घ्यावे लागे आणि कालच रत्नागिरीहून आलेल्या चाकरमान्यालाही.

बंगळूरच्या बसमध्ये बसणाऱ्या मराठी माणसाला पाटीवरची कानडी अक्षरे वाचता येत नाहीत, तरी एक शब्द त्याला तत्काळ कळतो. कंडक्टर "चिल्लरे" म्हणतो, आपण "चिल्लर" म्हणतो. सुटे पैसे नसले, तर देणे असलेली रक्कम तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून देण्याची तेथील रीत. उतरताना ती मागून घ्यावयाची. पाहुणा ती विसरतो आणि रहिवासी विसरत नाही, एवढाच काय तो दोघांतला भेद!

पुढे काळ पालटला. २५ मार्च २०२३ रोजी व्हाइटफील्ड ते कृष्णराजपुरम अशी मेट्रो धावू लागली आणि त्याच वर्षीच्या ९ ऑक्टोबरला ती शहराच्या मुख्य मार्गाला जोडली गेली. येथे भाड्याच्या वाटा अनेक झाल्या. टोकन घ्यावे, कार्ड घ्यावे किंवा भ्रमणध्वनीवर तिकीट मागवावे. कार्डधारकास भाड्यात ५ टक्के सूट मिळते. एकदाच येणाऱ्या पाहुण्याने टोकन घेतले की त्याला पुरे भाडे. सूट लहान खरी, परंतु आपला आणि परका हा भेद तिने भाड्यात आणला.

याच वर्षी तो अधिक ठळक झाला. ११ जून २०२३ पासून कर्नाटक राज्याने आपल्या रहिवासी स्त्रियांना साध्या बसमधून विनामूल्य प्रवास दिला. योजनेचे नाव शक्ती. राज्यातील पत्ता असलेले ओळखपत्र दाखवले की कंडक्टर शून्य रुपयांचे तिकीट फाडून देतो. आता कल्पना करा. व्हाइटफील्डला मुलाकडे आलेल्या दोन मराठी बहिणी एकाच बसमध्ये शेजारी बसल्या आहेत. एक बेळगावची, दुसरी कोल्हापूरची. भाषा एक, माहेर एक. बेळगावच्या मावशींना शून्याचे तिकीट आणि कोल्हापूरच्या मावशींना पुरे भाडे! महाराष्ट्रानेही १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त स्त्रियांना अर्धे भाडे केले आहे. ती सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते.

हा अन्याय म्हणावा काय? तसे एकदम म्हणता येणार नाही. ज्या प्रजेच्या करातून बस चालते, तिला सवलत द्यावी, या म्हणण्यात न्याय आहेच. शिवाय मजुरीला जाणाऱ्या बाईच्या हातात दिवसाचे भाडे उरणे, ही लहान गोष्ट नव्हे. युरोपातही हा पेच पडला. एस्टोनियाच्या टॅलिन या राजधानीने २०१३ साली नोंदणीकृत रहिवाशांना प्रवास मोफत केला. पाहुण्याने मात्र पैसे द्यावयाचे. लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशाने १ मार्च २०२० पासून रेल्वेचा पहिला वर्ग वगळता सर्वांनाच मोफत केला, पाहुण्यासही! लंडनने तिसरीच वाट धरली. जुलै २०१४ पासून तेथील बसमध्ये नाणे चालत नाही. परंतु बँकेचे कार्ड कोणत्याही देशाचे असो, यंत्राला टेकवले की रहिवाशाइतकेच भाडे पडते. तेथे परक्याला जागा आहे, खिशात केवळ नाणी असलेल्याला नाही.

सारांश, सवलत घरच्यांना द्यावी. घर आहे तेथे घरची माणसे असणारच. परंतु एक खिडकी अशी उघडी असावी, की जेथे नाव, गाव आणि भाषा न विचारता, हातातल्या नाण्यावर अनोळखी माणसाला रास्त भाड्यात पुढे जाता येईल. जे गाव "तुम्ही कोणाचे?" या प्रश्नाने पोळलेल्या माणसांनी वसवले, त्या व्हाइटफील्डच्या स्थानकावर आज टोकनाची खिडकी आहे. ती लहान आहे, पण शहराचे मोठेपण पाहुण्याला तेथेच कळते.