निर्वासितांची नाडीपरीक्षा

दाराशी आलेल्या पाहुण्याला आधी पाय धुवायला पाणी द्यावे, मग गूळपाणी पुढे करावे, अशी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जुनी रीत होती. त्या रीतीत आदर होता, तसाच आरोग्याचा विचारही होता. परंतु दाराशी आलेला पाहुणा एकटादुकटा नसून लाखांचा लोंढा असला, त्याच्या अंगावरच्या वस्त्राखेरीज त्याच्यापाशी काही उरले नसले, म्हणजे यजमानाच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. याला काय झाले आहे, हा पहिला. याच्यामुळे आपल्याला काय होईल, हा दुसरा. पहिला प्रश्न वैद्याचा आहे, दुसरा पहारेकऱ्याचा. निर्वासितांच्या वैद्यकीय तपासणीचा सारा इतिहास म्हणजे या दोन प्रश्नांची ओढाताण होय. तिचे एक मोठे आणि बोधप्रद प्रकरण भारताच्याच भूमीवर, १९७१ साली घडले.

त्या वर्षी २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात कत्तल आरंभली आणि पूर्व बंगालमधील माणसे भारताच्या सीमेकडे धावू लागली. हा ओघ डिसेंबरपर्यंत थांबला नाही. नऊ महिन्यांच्या अवधीत सुमारे ९९ लाख निर्वासितांची नोंद झाली. त्यांपैकी ६८ लाखांच्या आसपास माणसे ८२५ छावण्यांत राहिली. उरलेल्यांनी आप्तेष्टांच्या घरी आसरा घेतला. सर्वांत मोठा भार पश्चिम बंगालने उचलला. त्रिपुराची स्वतःची लोकसंख्या साडेपंधरा लाख; तेथे आलेले निर्वासित जवळजवळ तितकेच होते.

सीमेवरच्या ठाण्यांत नावनिशी लिहून घ्यावी, लस टोचावी, शिधापत्रिका द्यावी आणि छावणीकडे धाडावे, असा तपासणीचा साधारण क्रम होता. एकेका माणसाची निवांत तपासणी करण्यास ना वैद्य पुरेसे होते, ना वेळ. माणसे आठ-आठ, दहा-दहा दिवस चिखलातून चालत आलेली. वाटेतल्या डबक्यांचे पाणी प्यालेली. पावसाळा तोंडावर आलेला. अशा वेळी सर्वांना भीती होती ती पटकीची, म्हणजेच कॉलऱ्याची. आणि ती भीती खोटी नव्हती. मे-जूनमध्ये पटकीने छावण्या गाठल्या.

परंतु पटकीला सीमेवर अडविणे हे टोचणीच्या आवाक्याबाहेरचे काम होते. त्या काळची लस टोचलेल्यांपैकी निम्म्यांना, आणि तेही थोडे महिनेच, संरक्षण देई. शिवाय या रोगाचे जंतू पोटात असूनही ज्यांना काहीच होत नाही अशी माणसे रोग्यांहून कितीतरी अधिक असतात. ती रांगेत धडधाकट उभी असतात. त्यांना कोण ओळखणार? म्हणून पटकीवरचा खरा उपाय सीमेच्या रांगेत नव्हे, सीमेलगतच्या बनगावच्या रुग्णालयात सापडला.

तेथे कलकत्त्याचे डॉक्टर दिलीप महालनबीस जूनच्या अखेरीस जाऊन पोचले. दोन खोल्या, सोळा खाटा आणि जमिनीवर दाटीने पडलेले शेकडो रुग्ण, असे ते दृश्य होते. शिरेतून द्यावयाचे सलाइन पाहता पाहता संपू लागले. तेव्हा त्यांनी एक धाडसी निर्णय घेतला. एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधे मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, एवढे मिश्रण त्यांनी कलकत्त्यात पुड्या बांधून मागविले. ते पाण्यात कालवून पिंपांत भरले आणि रुग्णाला पाजण्याचे काम त्याच्या आईला, भावाला, मुलाला सांगितले. साखरेच्या सोबतीने आतडे मीठ शोषून घेते आणि मिठामागोमाग पाणी शरीरात जाते, हे तत्त्व प्रयोगशाळेत आणि काही रुग्णालयांत सिद्ध झाले होते. परंतु अडाणी नातेवाइकांच्या हाती ते सोपविण्यास अनेक तज्ज्ञ कचरत होते. बनगावात, जेथे शंभरांतील पंचवीस-तीस रुग्ण दगावण्याचा संभव, तेथे मृत्यूचे प्रमाण चारांच्याही खाली आले. एका लिटरचा खर्च होता अकरा पैसे. वैद्याच्या प्रश्नाला मिळालेले हे उज्ज्वल उत्तर होते.

मात्र ज्या रोगाकडे कोणाचे लक्ष नव्हते, तो दुसऱ्याच दाराने शिरला. तो रोग देवीचा.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. पूर्व बंगालमधून देवीचा रोग ऑगस्ट १९७० मध्ये नाहीसा झालेला होता. जे निर्वासित सीमा ओलांडून आले, ते देवीच्या रोगापासून मुक्त अशा प्रदेशातून आले होते. भारतात मात्र तो रोग अद्याप नांदत होता. म्हणजे या एका बाबतीत धोका पाहुण्याला होता, यजमानाला नव्हे. प्रत्येक नवागताला त्वरित देवी टोचणे, दंडावरचा वण पाहून खात्री करून घेणे, हे त्याच्या रक्षणासाठी अत्यावश्यक होते. कागदावर तशी तरतूद होतीही. पण लाखांच्या गर्दीत पुष्कळ माणसे, विशेषतः लहान मुले, टोचल्यावाचून राहिली.

कलकत्त्याच्या पूर्वेस दलदल भरून काढलेल्या सॉल्ट लेकच्या मैदानावर मोठी छावणी वसली होती; तीत दोन लाखांहून अधिक लोक होते. १९७१ च्या अखेरीस तेथील मुलांच्या अंगावर फोड दिसू लागले. या कांजिण्या आहेत, असे निदान झाले.

देवी आणि कांजिण्या यांतला फरक गावोगावच्या जाणत्या आजीबाईंनाही ठाऊक असे. कांजिण्यांचे फोड छाती-पाठीवर दाट आणि हातापायांवर विरळ. एक फोड सुकत असतो तो दुसरा उमलत असतो. देवीचे फोड चेहरा, हात आणि पाय यांवर दाट, तळहातांवर आणि तळपायांवरही. आणि शरीराच्या एका भागावरचे सारे फोड एकाच वेळी भरतात, एकाच वेळी सुकतात. हे पाहण्यास यंत्र लागत नाही. पाच मिनिटांचा अवधी आणि शंका घेणारी दृष्टी लागते. पटकीशी झुंजणाऱ्या छावणीत दोन्ही दुर्मिळ झाल्या होत्या.

चूक उघडकीस आली तीही विलक्षण रीतीने. अमेरिकेतील एका साथरोगतज्ज्ञाने सॉल्ट लेकच्या छावणीचे चित्रण दूरचित्रवाणीवर पाहिले आणि हजारो मैलांवरून ओळखले की या कांजिण्या नव्हेत, या देवी आहेत. तोवर १९७२ चा जानेवारी उजाडला होता. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आले होते आणि निर्वासितांना घराची ओढ लागली होती. आगगाड्या, मालमोटारी भरभरून जात होत्या. अनेक जण आले तसे पायीच परतत होते. निघताना त्यांना दोन आठवड्यांचा शिधा दिला जाई. देवीचा जंतू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत सुमारे बारा दिवस जातात. त्या अवधीत माणूस निरोगीच दिसतो. शिधा संपण्याच्या सुमारास, आपल्या जळालेल्या घराच्या ओसरीवर, कित्येकांच्या मुलांना ताप चढला असेल.

आलेल्यांची तपासणी करण्याचा विचार राज्यकर्त्यांनी केला होता. जाणाऱ्यांची तपासणी तितक्याच कसोशीने करावी, हे सुचेपर्यंत उशीर झाला. दीड वर्ष देवीमुक्त राहिलेल्या देशात रोग पुन्हा मुळे धरून बसला. १९७३ या एका वर्षात बांगलादेशात ३२ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. पुढे १९७४ चा पूर आणि दुष्काळ यांनी माणसे पुन्हा घराबाहेर काढली. १९७५ च्या आरंभी ढाक्यातील झोपडवस्त्या पाडल्या गेल्या, आणि विस्थापितांच्या या नव्या लोंढ्याबरोबर रोगही खेड्यापाड्यांत पांगला. आरोग्यसेवकांनी देवीच्या रोग्याचे चित्र हाती घेऊन घरोघर विचारणा केली, खबर देणाऱ्यास बक्षिसे लावली, प्रत्येक रोग्याभोवतालच्या लोकांना टोचून रोगाची वाट तोडली. अखेर ऑक्टोबर १९७५ मध्ये भोला बेटावरील रहीमा बानू ही सुमारे तीन वर्षांची मुलगी उग्र प्रकारच्या देवीची जगातील शेवटची नैसर्गिक रुग्ण ठरली. ती जगली. छावण्यांतील त्या एका चुकीच्या निदानापासून तिच्यापर्यंत जवळजवळ चार वर्षे लोटली होती.

पुढे २०१७ साली याच बांगलादेशाने यजमानाची भूमिका पार पाडली. म्यानमारमधून लाखो रोहिंग्या कॉक्स बझारच्या टेकड्यांवर येऊन राहिले. गोवर आणि पटकी यांविरुद्ध त्वरेने लसीकरण झाले. तथापि त्या नोव्हेंबरात दिसू लागला तो घटसर्प. तेथील अनेक तरुण डॉक्टरांनी तो रोग केवळ पुस्तकातच वाचलेला होता. हजारो संशयित रुग्ण आढळले. ज्या मुलांना मायदेशात लस कधी मिळालीच नव्हती, त्यांच्या अंगी त्या वंचनेचाच हा पुरावा होता.

दोन्ही प्रसंगांतून एकच गोष्ट दिसते. पहारेकरी ज्या रोगाला भितो, तोच रोग तो शोधतो. आणि वेशीवर एकदा पाहून झाले की त्याचे काम संपते. वैद्याला मात्र आलेल्या माणसाचे मागचे आयुष्य विचारावे लागते, छावणीत पुन्हा पुन्हा फिरावे लागते, आणि तो परत निघाला म्हणजे वेशीपर्यंत पोचवायलाही जावे लागते. भारताने १९७१ साली जवळजवळ एक कोटी माणसांना आसरा दिला, त्यांच्या तोंडी घास आणि मीठ-साखरेचे पाणी घातले, हे त्याचे मोठेपण इतिहासात नोंदले गेले आहे. त्या नोंदीशेजारी सॉल्ट लेकची ही दुसरी नोंदही राहिली पाहिजे. पाहुण्याने यजमानाच्या घरी रोग आणला नव्हता. तो यजमानाच्या घरून रोग घेऊन गेला होता.