टर्बोचा दाब आणि हेडमधली वाट

संगमनेरहून पुण्याकडे निघालेल्या मालट्रकला चंदनापुरीचा घाट चढावा लागतो. आज अशा ट्रकच्या इंजिनाला बहुधा टर्बो असतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या वायूंवर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून इंजिनात ढकलते. मग साहजिकच प्रश्न पडतो : हवा दाबूनच भरायची, तर सिलिंडर हेडमधील हवेच्या वाटा, म्हणजे पोर्ट, कशाही असल्या तर काय बिघडले? याचे उत्तर इतिहासात शोधू.

टर्बोचे पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी सुमारे ४३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीकवर विमानाचे लिबर्टी इंजिन चालवून पाहिले. कमी उंचीवरच्या दाट हवेत सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे हे इंजिन विरळ हवेत २३० पर्यंत घसरले. टर्बो जोडताच ३५६ पर्यंत गेले.

दुसरा प्रवाह इंग्लंडमधला. हॅरी वेस्लेक हेडमधून हवा सोडून ती किती जाते हे मोजत. टर्बो नसलेल्या एस.एस. जॅग्वार मोटारीचे इंजिन १९३५ मध्ये त्यांच्या हेडमुळे सुमारे ७० वरून १०० अश्वशक्तीच्या पुढे गेले.

हे दोन प्रवाह एकत्र आले की काय होते? टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला आणि तापमान तेच राखले, तर घनताही दुप्पट होते. पण त्याच वेगाने वाहणाऱ्या दुप्पट घन हवेची वळणांवर आणि कडांवर होणारी दाबाची घटही दुप्पट होते. म्हणजे टक्केवारीत तोटा तेवढाच! टर्बो वाईट पोर्टवर पांघरूण घालतो, तो दुरुस्त करत नाही. उलट पोर्ट सुधारला, तर तेवढीच हवा कमी दाबात भरता येते. हवा कमी तापते आणि टर्बोचे कामही हलके होते. म्हणून दाबमापकाचा काटा खाली आला म्हणजे शक्ती घटली, असे समजू नये. काटा दाब दाखवतो, आत गेलेली हवा नव्हे.

तर मग पोर्ट घासून मोठे करावेत का? नाही. १९२५ मध्ये ब्यूखी यांनीच दाखवले, की बाहेर पडणाऱ्या वायूंचे ठोके अरुंद, वेगळ्या नळ्यांतून नेले तर टर्बोला अधिक ऊर्जा मिळते. बाहेरची वाट उगाच रुंद केली, तर ठोके विरतात. डिझेल इंजिनात आतली वाट बऱ्याचदा मुद्दाम वळवलेली असते. त्या वळणाने हवेला भोवरा मिळतो आणि इंधन नीट मिसळते. गॅरेजमध्ये हे वळण घासून काढले, तर हवा वाढेल, पण धूरही वाढू शकतो. तो धूर शेवटी घाटातल्या गावांच्या वाट्याला येतो.

पुण्यात १९६२ मध्ये डिझेल इंजिने बनवणारी किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली आणि १९६६ मध्ये वाहन संशोधनासाठी ए.आर.ए.आय. उभी राहिली. अशा ठिकाणी पोर्टचा आकार अंदाजाने नव्हे, मोजून ठरतो.

वर्गातही मोजता येईल. दोन सारख्या डब्यांच्या तळाशी समान व्यासाची भोके पाडा; एक तीक्ष्ण कडेचे, दुसऱ्याची कड आतून गोलावलेली. पहिल्यातून आदर्श प्रवाहाच्या सुमारे ६१ टक्केच पाणी येते, दुसऱ्यातून ९५ टक्क्यांच्या आसपास. व्यास तोच, फरक फक्त कडेचा. पोर्टचे सारे शास्त्र इथूनच सुरू होते.