बोहारणीला देण्याआधी पाठ बघा

मंडळी, अमळनेरला आत्याच्या ओसरीत हरणांच्या जोडीचं एक विणलेलं चित्र वर्षानुवर्षं टांगलेलं होतं. यंदा ते बोहारणीला द्यायला काढलं, मी उचलून आणलं.

आत्या म्हणते, "आपल्या प्रताप मिलचंच ते." १९०६ साली प्रताप शेठजींनी गावात मिल काढली, म्हणून जुनं कापड सगळं तिचंच, हा आपला हिशोब.

चित्र उलटं केलं. मागेही तीच हरणं, फक्त रंगांची अदलाबदल. म्हणजे छापील नाही, भरतकामही नाही. येवल्याची हातमागाची पैठणी दोन्हीकडून सारखी दिसते, तसंही नाही. हे जॅकार्डचं काम: कोणता धागा उचलायचा ते भोकं पाडलेले पुठ्ठे ठरवतात. १८०४ च्या सुमाराची ही फ्रेंच युक्ती पुढे जगभर गेली. त्यामुळे माग कळला, गाव नाही. कडेला शिक्का नाही, चिठ्ठी नाही. आत्याचा शब्द हा धागा आहे, पुरावा नाही.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरं वाचवली. ते गेल्यावर १९२७ साली धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. कागदांना राजवाडे भेटले. आपल्या कापडाला कोण?

घरी असं चित्र असेल तर पाठीचा नि कडेचा फोटो पाठवा. कुणी, कुठून आणलं, ते म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा.