ऐकणाऱ्यांची नावे

मीरा रोडच्या एका घरात रविवारी संध्याकाळी चार-पाच तरुण जेवणाच्या टेबलाभोवती बसलेले आम्ही पाहिले. हातात कागद, पेन्सिली आणि अनेक पैलूंचे फासे. एक जण कथा सांगत होता, बाकीचे त्या कथेतील पात्रे होऊन बोलत होते. एकाने 'टेन्सर'च्या नावाचा मंत्र टाकला. हा टेन्सर कोण, हे मात्र त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत 1974 साली प्रसिद्ध झाला. त्याचे एक कर्ते गॅरी गायगॅक्स यांचा मुलगा अर्नेस्ट हा पहिल्या खेळाडूंपैकी एक. 'अर्नेस्ट'ची रोमन अक्षरे उलटसुलट मांडली की 'टेन्सर' होतो. जिम वॉर्ड या सोबत्याचे नाव शेवटाकडून वाचले की 'ड्रॉमिज' हा जादूगार उभा राहतो. (देवनागरीत काना-मात्रा असली गंमत सहजी होऊ देत नाहीत.) ही नावे 1978 च्या नियमपुस्तकात मंत्रांना चिकटली. घरच्या बैठकीतील माणसे अशी ग्रंथात शिरली.

आपल्याकडे ही वाट सातशे वर्षांहून जुनी आहे. चक्रधरांच्या आठवणी गोळा करण्यासाठी म्हाइंभट ज्यांच्याकडे गेले, ती माणसेच 'लीळाचरित्रा'त वावरतात. नागदेव, प्रश्न विचारून भंडावणारी महदाइसा! म्हाइंभट स्वतःही त्यात आहेत, आणि प्रारंभीच्या आपल्या विद्येच्या अहंकारासकट आहेत. येथे नाव म्हणजे बक्षीस नव्हे. ज्याने ऐकले, पाहिले, विचारले, त्याच्यावाचून ती लीळा सांगताच येत नाही. टेन्सरचेही तेच. अर्नेस्ट खेळला नसता तर तो जादूगार जन्मलाच नसता.

याला समांतर दुसरी एक रीत आहे, तमाशातील दौलतजादाची. प्रेक्षक पैसे देतो, फडावरून त्याचे नाव पुकारले जाते, आणि पुढची नोट येताच दुसरे नाव येते. अलीकडे खेळांची पुस्तके वर्गणी गोळा करून निघतात. त्यांतील काही प्रकाशक जास्त रक्कम देणाऱ्याचे नाव एखाद्या सराईवाल्याला किंवा सरदाराला देतात. आम्हाला त्यात पाप दिसत नाही, फडालाही पोट असतेच. पण त्या सराईवाल्याला महदाइसेच्या पंगतीस बसवण्यास आमचे मन धजत नाही.

त्या घरातील कथेत, खेळ सोडून परगावी गेलेल्या एका मित्राच्या नावाचा नावाडी आहे. तो प्रत्येक वेळी खाडी ओलांडून देतो आणि भाडे घेत नाही.