घरची सेप्टिक टाकी : देखभाल, बिघाड आणि सुरक्षितता



अवधपुरीत स्वतःचे घर बांधून किंवा विकत घेऊन राहायला आलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांची उमेदीची वर्षे क्वार्टरमध्ये गेली. भेलचे क्वार्टर असो, सरकारी असो की बँकेचे, तिथे संडास तुंबला तर तक्रार लिहून द्यायची आणि माणूस येऊन दुरुस्त करून जायचा. मैला पुढे कुठे जातो याची चौकशी कोणी केली नाही. स्वतःच्या घरात आल्यावर ती जबाबदारी आपल्यावर आली आहे, पण पोर्चच्या फरशीखाली टाकी नेमकी कुठे आहे हेसुद्धा अनेकांना ठाऊक नसते. मलाही नव्हते. त्याची किंमत मी कशी मोजली ते आधी सांगतो, म्हणजे पुढची माहिती का दिली ते कळेल.

दोन वर्षांपूर्वी गौरी जेवणाच्या दिवशी घरात चौदा माणसे होती. सकाळी खालच्या संडासात पाणी वर आले. ओळखीच्या प्लंबरला फोन केला. तो एका विशीतल्या मुलाला घेऊन आला. दोघांनी टाकीचे झाकण उघडले आणि तो मुलगा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत उतरायला निघाला. पाहुण्यांच्या धावपळीत मी "लवकर करा" एवढेच म्हटले. आमची सौ. बाहेर आली आणि म्हणाली, "हा मुलगा खाली उतरला तर मी आज गौरीला नैवेद्य दाखवणार नाही." मी वरमलो. मुलाला चहा देऊन परत पाठवले, पाहुण्यांची सोय शेजाऱ्यांकडे केली आणि दुसऱ्या दिवशी मशीनची गाडी बोलावली. तासाभरात काम झाले. नऊ वर्षांत आम्ही एकदाही टाकी उपसली नव्हती. त्यानंतर मिस्त्री, गाडीवाले आणि इंजिनिअर मित्रांना विचारून, नियम वाचून जे टिपून ठेवले, ते इथे देत आहे.

टाकीत नेमके काय चालते

मैला पाण्याबरोबर टाकीत येतो. जड भाग तळाशी बसतो, त्याला गाळ म्हणतात. तेलकट व हलका भाग वर तरंगतो, त्याची साय होते. मधल्या थरातले पाणी पलीकडच्या टी-पाइपातून शोषखड्ड्यात जाते. तळाच्या गाळात हवेशिवाय जगणारे जिवाणू असतात. ते गाळ पचवतात आणि त्यातून वायू तयार होतात. हे वायू बाहेर जावेत म्हणून उभा व्हेंट पाइप असतो.

जिवाणू सगळा गाळ संपवू शकत नाहीत. काही भाग उरतोच आणि वर्षानुवर्षे साचतो. गाळ वाढला की पाण्याला थांबायला जागा उरत नाही आणि मैला न बसता थेट शोषखड्ड्यात जातो. शोषखड्डा एकदा मैल्याने बुजला की टाकी उपसूनही उपयोग होत नाही, खड्डा नवीन करावा लागतो. टाकी वेळेवर उपसणे त्यापेक्षा फार स्वस्त पडते.

रेल्वेच्या डब्याखालच्या बायो-टॉयलेटमध्येही हेच तत्त्व आहे. त्यातील जिवाणूंचे तंत्र ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत विकसित झाले. परदेशातल्या मुलांनी ज्यांना मोटरहोममधून फिरवून आणले असेल, त्यांनी तिथला मैल्याच्या टाकीचा दर्शक पाहिला असेल. टाकी किती भरली ते दिव्यावर दिसते. आपल्या टाकीला असा दिवा नाही, म्हणून आपल्याला हिशेब ठेवावा लागतो.

माप आणि क्षमता

भारतीय मानक २४७० प्रमाणे टाकीची रुंदी किमान ७५० मिलिमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर आणि क्षमता किमान १००० लिटर असावी. लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट असावी. पाच माणसांसाठी १.५ मीटर लांब व ०.७५ मीटर रुंद, तर दहा माणसांसाठी २ मीटर लांब व ०.९ मीटर रुंद अशी मापे त्यात दिली आहेत.

क्षमता काढणे सोपे आहे. लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली मीटरमध्ये घेऊन गुणाकार करा आणि त्याला १००० ने गुणा. २ × ०.९ × १.४ म्हणजे २.५२, म्हणजेच २५२० लिटर. गाळ आणि साय मिळून एक तृतीयांश झाली, म्हणजे या टाकीत सुमारे ८४० लिटर झाली, की उपसण्याची वेळ आली असे समजावे. एवढे मोजणे जमत नसेल तर दर दोन-तीन वर्षांनी उपसावी, हा सोपा नियम.

टाकी कुठे आहे हे मिस्त्रीला विचारून नक्की करा. दोन भिंतींपासूनचे अंतर मोजून एका कागदावर आकृती काढा आणि तो कागद घराच्या रजिस्ट्रीबरोबर ठेवा. झाकणावर फरशी बसवून टाकली असेल तर ती काढून उचलता येईल असे झाकण बसवा. आमच्या पोर्चमध्ये फरशी फोडण्यातच अर्धा दिवस गेला होता.

रोजच्या वापरात पाळायच्या गोष्टी

सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स, कापूस, प्लास्टिक, निर्माल्य, उरलेले अन्न आणि तळणीचे तेल संडासात टाकू नये. पाकिटावर "फ्लश करता येते" असे लिहिले असले तरी वाइप्स टाकू नयेत. आमच्या टाकीच्या टी-पाइपात असाच बोळा निघाला.

अॅसिड, फिनाइल आणि ब्लीचिंग पावडर बेताने वापरावी. बादलीभर ओतल्यास टाकीतले जिवाणू मरतात. अॅसिड आणि ब्लीच एकत्र कधीही वापरू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

गच्चीचे व अंगणाचे पावसाचे पाणी टाकीत सोडू नये. गळका फ्लश लगेच दुरुस्त करावा, कारण रात्रंदिवस वाहणारे पाणी गाळाला बसू देत नाही.

गूळ, यीस्ट, शेण किंवा बाजारातली कल्चर पावडर टाकण्याची गरज नाही. लागणारे जिवाणू मैल्याबरोबर आपोआप येतात. कोणतीही पावडर उपसण्याला पर्याय होत नाही.

व्हेंट पाइप छताच्या वर गेलेला असावा आणि त्याच्या तोंडाला बारीक जाळी असावी. जाळी नसेल तर डास टाकीत वाढतात.

बिघाड कसा ओळखावा

१. एकाच संडासाचे पाणी हळू उतरते. टाकीचा संबंध नाही. त्या भांड्याच्या ट्रॅपमध्ये किंवा जवळच्या पाइपात काही अडकले आहे. प्लंबर बोलवावा.

२. सगळ्या संडासांचे पाणी अडते. घर आणि टाकी यांच्यामधल्या चेंबरचे झाकण उघडून पाहावे. चेंबर कोरडे असेल तर अडथळा घर आणि चेंबर यांच्यामध्ये आहे. चेंबर तुडुंब असेल तर अडथळा त्याच्या पुढे, म्हणजे टाकीच्या बाजूला आहे.

३. "टाकी भरली आहे" असे कोणी सांगते. इथे बहुतेकांची फसगत होते. चालू टाकी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत नेहमीच भरलेली असते आणि तशीच असायला हवी. उपसल्यावर काही दिवसांत ती पुन्हा त्या पातळीला आली, तर घाबरू नये. पाणी त्या पाइपाच्या वर चढले असेल तर टी-पाइप तुंबला आहे किंवा शोषखड्डा पाणी घेत नाही. रोजचा वापर असूनही पाणी महिनोन्महिने त्या पाइपाच्या बरेच खाली राहत असेल, तर टाकी फुटलेली आहे आणि मैला जमिनीत मुरतो आहे.

४. फक्त पावसाळ्यात त्रास होतो. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाणी आधीच हळू मुरते आणि पावसात ती फुगली की शोषखड्डा पाणी घेईनासा होतो. झाकणाच्या फटीतून किंवा पाइपातून पावसाचे पाणी आत येते का तेही पाहावे. खड्डा लहान असेल तर उन्हाळ्यात मोठा करून घ्यावा.

५. घरात वास येतो. वरच्या मजल्यावरची मुलांची खोली बंद असते, तिथल्या बाथरूमच्या जाळीखालचे पाणी सुकते आणि वास वर येतो. आठवड्यातून एकदा तिथे मगभर पाणी ओतावे. तरीही वास राहिला तर व्हेंट पाइप तुंबला किंवा तुटला आहे का ते पाहावे.

६. बाहेर अंगणात वास येतो किंवा जमीन ओली राहते. झाकणाला तडा, पाइपाचा निसटलेला जोड किंवा भरलेला शोषखड्डा, यांपैकी एक कारण असते.

बोअरचे पाणी वापरणाऱ्यांसाठी

मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर असावा. लहान प्लॉटवर एवढे अंतर मिळत नाही आणि आपल्या बोअरच्या जवळ शेजाऱ्यांचाही खड्डा असतो. म्हणून बोअरचे पाणी पिण्यासाठी वापरत असाल तर वर्षातून एकदा, पावसाळा संपताच, जिवाणू आणि नायट्रेट यांची तपासणी करून घ्या. तोपर्यंत पाणी उकळून प्यावे. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. टाकीचे पाणी रस्त्याकडेच्या उघड्या नालीत सोडणेही चुकीचे आहे. दिसायला स्वच्छ असले तरी त्यात जंतू असतात आणि ते शेजाऱ्याच्या दारावरून वाहते.

आपल्या गल्लीत सीवर लाइन आली असेल तर जोडणी जरूर घ्यावी. मग जुनी टाकी मशीनने पूर्ण उपसून मुरूम किंवा वाळूने भरून टाकावी. रिकामी टाकी झाकणाखाली तशीच ठेवणे धोक्याचे आहे.

टाकी उपसण्याच्या दिवशी

काम उन्हाळ्यात, पावसाळ्याआधी करावे. भर पावसात टाकी रिकामी केली तर बाहेरच्या पाण्याच्या दाबाने भिंतीला तडा जाऊ शकतो, आणि प्लास्टिकची टाकी असेल तर वर उचलली जाऊ शकते.

गाडी नगर निगमची किंवा नोंदणी असलेल्या ठेकेदाराचीच बोलवावी. दर, गाडीची क्षमता आणि फेऱ्या आधी ठरवाव्यात. मैला कुठे रिकामा करणार ते विचारावे आणि पावती घ्यावी. मोकळ्या प्लॉटवर किंवा नाल्यात ओतणाऱ्याला काम देऊ नये. अडचण आल्यास मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१ वर तक्रार करता येते. सेप्टिक टाकी व सीवर सफाईसाठी १४४२० हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

झाकण उघडल्यावर काही वेळ सगळ्यांनी दूर थांबावे. जवळ विडी, सिगारेट किंवा काडी पेटवू नये, कारण आत मिथेन असतो. वाकून आत डोकावू नये. मुलांना घरात ठेवावे. गाळ दाट असेल तर गाडीवाले पाण्याच्या दाबाने तो पातळ करून ओढतात, त्यासाठी आत उतरण्याची गरज नसते. तळाशी थोडा गाळ राहू द्यावा, त्यातून जिवाणू पुन्हा वाढतात. टाकी फिनाइलने धुऊ नये. काम संपताच ती साध्या पाण्याने भरावी आणि झाकण पक्के बसवावे.

माणूस आत उतरवायचा नाही

टाकीत हायड्रोजन सल्फाइड वायू असतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत सुमारे शंभर भाग झाला की नाक बधिर होते आणि वास येणे बंद होते. माणसाला वाटते की वायू निघून गेला. प्रमाण आणखी वाढले तर काही क्षणांत शुद्ध हरपते. पहिल्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

२०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही सेप्टिक टाकीत उतरवणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. माणूस स्वतः तयार होता, त्याने पैसे घेतले, ही सबब चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केली.

कोणी आत पडलाच तर त्याच्या मागे उतरू नका. ११२ किंवा अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा, लोकांना दूर ठेवा आणि शक्य असल्यास वरूनच दोर टाका.

टाकीचे पासबुक

बँकेची सवय म्हणा, मी एक छोटी वही केली आहे. त्यात टाकीचे माप, उपसल्याची तारीख, गाडीच्या फेऱ्या, दिलेली रक्कम, दिसलेला दोष आणि पुढची तारीख अशा नोंदी आहेत. वही देवघराच्या कपाटात आहे आणि मुलालाही तिचा फोटो पाठवला आहे. आपल्यापैकी अनेक घरांत आता दोघेच ज्येष्ठ राहतात. अडचणीच्या वेळी फोनवरून मुलांना काय सांगायचे ते त्यात लिहिलेले असते.

गौरी-गणपतीला अजून अवकाश असेल तर आत्ताच शेवटची तारीख आठवून पाहा. आठवली नाही, तर गाडी बोलवायची वेळ झाली आहे. गल्लीतल्या तीन-चार घरांनी मिळून एकाच दिवशी गाडी ठरवली तर दरही बरा मिळतो आणि लक्ष ठेवायला सोबतही होते.