बंद घराची घरपट्टी

घरपट्टी घरावर लागते, असे आपण सहज म्हणतो. इंग्लंडच्या कायद्याने मात्र साडेतीनशेहून अधिक वर्षे ती घरावर नव्हे, भोगवट्यावर लावली. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या १६०१च्या गरीब-साहाय्य कायद्याने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गाव-विभागाला, आपल्या हद्दीतल्या गोरगरिबांसाठी पट्टी बसवण्याचा अधिकार दिला. ती द्यायची होती तिथल्या रहिवाशांनी आणि जमिनी-घरांच्या भोगवटादारांनी. मालक कोण हा प्रश्न दुय्यम, वहिवाट कोणाची हा मुख्य. त्या काळी यात तर्क होता. गावातल्या गरिबांचा भार गावात नांदणाऱ्यांनी उचलायचा. घरात कोणी राहतच नसेल तर पट्टी मागायची कोणाकडे? पण त्यातून एक गृहीतक कायद्याच्या हाडीमासी खिळले: रिकामे घर म्हणजे कराच्या हिशेबात शून्य. हेच गृहीतक इंग्रजांबरोबर आपल्याकडेही आले. मुंबईच्या १८८८च्या महापालिका कायद्यात मिळकत रिकामी राहिल्यास कराचा काही भाग परत मिळण्याची तरतूद होती. आज ब्रिटनमध्ये बंद घरांवर आणि दुसऱ्या घरांवर जी जादा पट्टी बसते, तिला तिचे विरोधक मालकांना दिलेली नवी शिक्षा म्हणतात. तिची कुळी तपासली तर ती शिक्षा ठरत नाही. घर रिकामे ठेवण्याचा खर्च शून्य नसतो आणि तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना सोसावा लागतो, हे कायद्याने फार उशिरा मान्य केले, एवढाच तिचा अर्थ आहे.

या शून्याला पहिला धक्का बसला १९६७ साली. त्या वर्षीच्या रेटिंग कायद्याने रिकाम्या मिळकतीवरही, निम्म्या दरापर्यंत का होईना, पट्टी लावण्याची मुभा स्थानिक संस्थांना दिली. या बदलाची गरज ठळकपणे दाखवणारी एक इमारत तेव्हा लंडनमध्ये उभी होती. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या टोकाला हॅरी हायम्स या बिल्डरने उभारलेला सेंटर पॉइंट हा कचेऱ्यांचा मनोरा १९६६मध्ये पुरा झाला आणि पुढे वर्षानुवर्षे रिकामाच राहिला. भाडे येत नव्हते, पण इमारतीची किंमत वाढतच होती. म्हणजे रिकामेपण हा तोटा नव्हता, ती गुंतवणूक होती. १६०१च्या कायद्याला ही शक्यता सुचणेच शक्य नव्हते. १९६९मध्ये जवळच्याच सोहोमध्ये बेघर तरुणांसाठी केन लीच या पाद्र्याने निवारा सुरू केला आणि त्याला नाव दिले सेंटरपॉइंट. जानेवारी १९७४मध्ये घरांसाठी लढणारे कार्यकर्ते त्या मनोऱ्यातच घुसून बसले. त्याच वर्षीच्या कायद्याने रिकाम्या मिळकतीची पट्टी पूर्ण दरापर्यंत नेली, शिवाय न वापरलेल्या व्यापारी इमारतींवर वर्षागणिक चढत जाणारा अधिभार आणला. तो फार काळ टिकला नाही, पण जितके दिवस कुलूप तितकी पट्टी मोठी ही कल्पना तिथे रुजली होती. पुढे ती घरांकडे वळली.

वळण्याआधी मात्र कायद्याने एक मोठी कोलांटी मारली. १९९०मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये घरपट्टी जाऊन माणशी कर आला, ज्याला लोक पोल टॅक्स म्हणत. दुसऱ्या घरात मोजायला माणूसच नव्हता, म्हणून अशा घरासाठी वेगळी आकारणी ठेवली होती आणि ती एका माणसाच्या कराच्या दुपटीपर्यंत नेण्याची सोय कौन्सिलला, म्हणजे स्थानिक संस्थेला, होती. पोल टॅक्स लोकांनी उधळून लावला आणि १९९३मध्ये कौन्सिल टॅक्स आला. त्याचे गणित असे: पूर्ण कर दोन प्रौढ राहतात असे धरून, एकच राहत असेल तर पाव सवलत, कोणाचेच मुख्य घर नसेल तर निम्मी. ज्या घराला काल दुप्पट लावता येत होती, त्याला आज निम्मी माफी! शहरात एक घर आणि समुद्रकाठी दुसरे बाळगू शकणाऱ्या कुटुंबाला ही सवलत त्या गावातल्या बसपासून शाळेपर्यंत सगळे वर्षभर टिकवून धरणाऱ्यांच्या शेजारी बसून मिळत होती. ती उतरवायला अकरा वर्षे लागली. २००४पासून दुसऱ्या घरांची सवलत दहा टक्क्यांपर्यंत खाली आणता येऊ लागली. २०१३मध्ये दोन वर्षांहून अधिक काळ बंद असलेल्या घरावर दीडपट पट्टी आली, २०१९मध्ये ती दुप्पट झाली, आणि नंतर पाच वर्षांच्या बंद घराला तिप्पट, दहा वर्षांच्या घराला चौपट अशी पायरी बसली. आता एक वर्षातच अधिभार लागू शकतो. एप्रिल २०२५पासून इंग्लंडमधल्या कौन्सिलांना दुसऱ्या घरांवरही दुप्पट पट्टी आकारता येते.

मधल्या काळातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. कायद्याच्या व्याख्येत बंद घर म्हणजे कोणी राहत नाही आणि ज्यात सामानही फारसे नाही असे घर. सामान असले की ते दुसरे घर. बंद घराला अधिभार होता, दुसऱ्या घराला नव्हता. मग एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकीला पडदा आणून ठेवला की तेच घर अधिभाराच्या तावडीतून सुटे. राहायला कोणी येत नसे, यायचे ते फक्त सामान. दोन्ही प्रकारांना एकाच दराने पट्टी लावता यावी, ही मागणी मत्सरातून नव्हे, या फटीतून पुढे आली.

वेल्समध्ये ही कहाणी अधिक दुखरी आहे, आणि तिथेच ती सर्वांत पुढे गेली. तिथल्या वायव्येकडच्या ग्विनेद परगण्यात २०२१च्या जनगणनेनुसार ६४.४ टक्के लोक वेल्श बोलतात. साऱ्या वेल्सचे प्रमाण १७.८ टक्के आहे. म्हणजे ही भाषा जिथे अजून बाजारात, बसथांब्यावर, शाळेच्या पटांगणात जगते, तीच किनारपट्टी इंग्लंडमधल्या सुट्टीकरांना फार आवडते. डिसेंबर १९७९मध्ये मेबिऑन ग्लिंडूर या गुप्त गटाने सुट्टीची घरे जाळायला सुरुवात केली आणि बारा-तेरा वर्षांत दोनशेहून अधिक घरांना आग लावली. जाळपोळीचे समर्थन होऊ शकत नाही, पण ज्या प्रश्नाला सनदशीर वाट मिळाली नाही तो कुठवर जातो, हे त्यातून दिसले. ती वाट २०१४च्या वेल्श गृहनिर्माण कायद्याने काढली. २०१७पासून बंद आणि दुसऱ्या, दोन्ही घरांवर शंभर टक्क्यांपर्यंत, आणि २०२३पासून तीनशे टक्क्यांपर्यंत अधिभार. ग्विनेदने दुसऱ्या घरांवर दीडशे टक्के लावला. त्या परगण्यातल्या अबेरसॉख या देखण्या किनारी गावातली प्राथमिक शाळा मात्र डिसेंबर २०२१मध्येच बंद झाली होती. तिथे घरांची कमी नव्हती, पटावर मुले उरली नव्हती.

यावर आक्षेप घेतला जातो तो असा: वर्षातून चार आठवडे येणारा माणूस कचरा कमी करतो, शाळा वापरत नाही, मग त्याने जास्त का द्यायचे? स्थानिक कर म्हणजे सेवेचे बिल असते, तर हा मुद्दा बिनतोड ठरला असता. पण ही पट्टी जन्मापासून बिल नव्हती. १६०१मध्ये ती देणारा स्वतः भिक्षा घेत नव्हता. गाव गाव म्हणून उभे राहावे यासाठी तो देत होता. आणि सेवा न वापरणे हेच तर नुकसान आहे. हिवाळ्यात प्रवासी नसले की बस बंद होते, गिऱ्हाईक नसले की दुकान. दुसरा आक्षेप पर्यटनाचा, आणि तो वजनदार आहे. सुट्टीच्या घरांवर सुतार, रंगारी, साफसफाई करणाऱ्या बाया यांची चूल पेटते. वेल्समधल्याच पेम्ब्रोकशर परगण्याने दोनशे टक्क्यांवर नेलेला अधिभार २०२५मध्ये दीडशेवर आणला, तेव्हा दराला मर्यादा असते हे मान्य करायला हवे. वारशाने घर मिळालेल्यांची अडचणही खरी आहे. म्हणून तर इंग्लंडच्या नियमांत वारसाची कागदपत्रे झाल्यावर बारा महिने, आणि विक्रीला किंवा भाड्याला काढलेल्या घराला बारा महिन्यांपर्यंत सूट आहे. कोकणातल्या वाचकाला इथे गणपती-शिमग्यापुरते उघडणारे चाकरमान्याचे घर आठवेल. पण ते घर पोटासाठी गावाबाहेर गेलेल्याचे आहे, बाहेरून येऊन गावातल्या तरुणाच्या डोईवरून किंमत बोलणाऱ्याचे नव्हे. ब्रिटनचा नियम जसाच्या तसा तिथे नेऊन लावणे अन्याय होईल.

श्रीमंत माणूस पट्टी भरून घर बंदच ठेवील, हा तिसरा आक्षेप. ठेवील. पण मग पैसा गावात येतो. ग्विनेद अधिभाराच्या रकमेतून स्थानिकांसाठीच्या घरांची योजना चालवतो, आणि माझ्या मते अधिभाराचे खरे समर्थन याच खर्चात आहे. जी कौन्सिल हा पैसा सर्वसाधारण तिजोरीत ओतते, तिला या कराचा नैतिक आधार घेण्याचा हक्क नाही. खरा धोका पळवाटेचा आहे. घर ठरावीक रात्री पर्यटकांना भाड्याने दिले की ते व्यवसायात मोडते, आणि छोट्या व्यवसायाच्या सवलतीत बसले तर पट्टी शून्यावर येऊ शकते. इंग्लंडमध्ये त्यासाठी वर्षाला ७० रात्री पुरतात. वेल्सने २०२३मध्ये ही अट १८२ रात्रींवर नेली. खरोखर चालणाऱ्या काही छोट्या व्यवसायांना ती जाचते, तरी तत्त्व योग्य आहे: ज्याला व्यवसाय म्हणायचे त्याने अर्धे वर्ष तरी तो करावा.

इंग्लंडने अजून एका गोष्टीला हात घातलेला नाही. घराची पट्टी कोणत्या पातळीवर ठरणार हे तिथे आठ गटांपैकी ते कोणत्या गटात पडते यावर अवलंबून असते, आणि ते गट आजही १ एप्रिल १९९१ रोजी त्या घराला बाजारात काय किंमत आली असती, यावर ठरलेले आहेत. किनाऱ्यावरचे एखादे घर तेव्हापासून कितीही महागले असो, त्याची दुप्पट म्हणजे त्या जुन्या गटाच्या पट्टीचीच दुप्पट.